संविधानाची सरकारी प्रत: मोफत, अधिकृत, पण तळटिपांसकटच वाचावी अशी

भारताच्या संविधानाची प्रत घ्यायची तर कोणती, हा प्रश्न एमपीएससीच्या विद्यार्थ्यापासून हाउसिंग सोसायटीच्या सचिवापर्यंत अनेकांना पडतो. दुकानात गेलं की खिशात मावणाऱ्या छोट्या प्रती दिसतात, जाडजूड भाष्यग्रंथ दिसतात, परीक्षेची गाइडं दिसतात. आमची शिफारस सरळ आहे. केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाच्या विधायी विभागाच्या संकेतस्थळावर जी पीडीएफ ठेवलेली आहे, ती उतरवून घ्या. पैसे पडत नाहीत, नोंदणी करावी लागत नाही, आणि मजकूर खुद्द विधायी विभागाने तयार केलेला असतो. हे परीक्षण १ मे २०२४ पर्यंतच्या सुधारणा धरून काढलेल्या इंग्रजी आवृत्तीचं आहे. डावी-उजवीकडे इंग्रजी आणि हिंदी अशी जोडप्रतही मिळते. मराठी प्रतीबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

प्रत साधारण चारशे पानांची आहे. सुरुवातीला प्रस्तावना, मग संक्षेपांची यादी, मग भागवार अनुक्रमणिका, त्यानंतर उद्देशिका (संविधानाचा सरनामा), अनुच्छेद, बारा अनुसूची आणि शेवटी तीन परिशिष्टं. पहिल्या परिशिष्टात बांगलादेशाबरोबरच्या भूभाग-अदलाबदलीची शंभरावी सुधारणा आहे. उरलेल्या दोन परिशिष्टांत जम्मू-काश्मीरसंबंधीचे २०१९ चे राष्ट्रपतींचे आदेश आहेत. अनुच्छेदांचे क्रमांक आजही ३९५ वरच संपतात, पण मधे क, ख, ग लावून इतके घातले गेले आहेत की प्रत्यक्ष संख्या त्याहून बरीच जास्त भरते. भाग मुळात २२ होते. त्यातला सातवा १९५६ मध्ये गेला, आणि ४क, ९क, ९ख, १४क हे चार आले, म्हणून आज २५ भाग आहेत. परीक्षेत "२२ भाग, ३९५ अनुच्छेद, ८ अनुसूची" हे उत्तर मूळ संविधानासाठी बरोबर आहे, आजच्यासाठी चूक. कितीतरी गाइडांत हा फरक न सांगताच आकडे छापलेले असतात.

या प्रतीचा खरा जीव तळटिपांमध्ये आहे, आणि नेमक्या त्याच लोक वाचत नाहीत. पद्धत अशी: जो मजकूर नंतर घातला किंवा बदलला तो चौकटी कंसात असतो आणि कंसाच्या आधी बारीक आकडा असतो. जो मजकूर गाळला तिथे तीन तारे असतात. पानाच्या तळाशी त्या आकड्यासमोर कोणत्या सुधारणेच्या कोणत्या कलमाने, कधीपासून, काय केलं हे लिहिलेलं असतं. उद्देशिकेचंच पान घ्या. "सार्वभौम समाजवादी धर्मनिरपेक्ष लोकशाही गणराज्य" या शब्दांना कंस आहे. खाली टीप सांगते की १९७६ च्या ४२ व्या सुधारणेने हे शब्द "सार्वभौम लोकशाही गणराज्य" याच्या जागी आले आणि अंमल ३ जानेवारी १९७७ पासून. "एकात्मता" शब्दाचंही तसंच. अर्ध्या मिनिटात जी गोष्ट कळते तिच्यावर लोक तासन् तास वाद घालतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती रद्दबातल ठरलेल्या पण अजून छापल्या जाणाऱ्या मजकुरामुळे. सर्वोच्च न्यायालय एखादी सुधारणा घटनाबाह्य ठरवतं तेव्हा ती पुस्तकातून आपोआप पुसली जात नाही. संसदेने नवी सुधारणा करून काढेपर्यंत ती तिथेच राहते, खाली फक्त टीप येते. अनुच्छेद १२४ चा खंड (२) उघडा. तिथे आजही असं छापलंय की सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगाच्या शिफारशीवरून नेमले जातात, आणि पुढे १२४क, १२४ख, १२४ग मध्ये त्या आयोगाची रचनासुद्धा दिलेली आहे. हे सगळं २०१४ च्या ९९ व्या सुधारणेने आलं आणि १६ ऑक्टोबर २०१५ ला पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने रद्द केलं. आज नेमणुका न्यायवृंद (कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांचा गट) पद्धतीने होतात, आणि ती पद्धत संविधानाच्या कुठल्याही अनुच्छेदात लिहिलेली नाही, ती निकालांतून आली आहे. टीप न वाचणाऱ्याला हा अनुच्छेद सरळ खोटं सांगतो.

अनुच्छेद ३६८ चे खंड (४) आणि (५) याहून महत्त्वाचे. त्यांत म्हटलंय की घटनादुरुस्तीला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही आणि संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादा नाही. हेही ४२ व्या सुधारणेचं देणं. १९८० च्या मिनर्व्हा मिल्स निकालाने हे दोन्ही खंड रद्द केले, कारण २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निकालात तेरा न्यायाधीशांच्या पीठाने सात विरुद्ध सहा मतांनी सांगितलं होतं की संसद संविधानात दुरुस्ती करू शकते, पण त्याची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. मूलभूत चौकटीचा सिद्धान्त तुम्ही संपूर्ण प्रत चाळलीत तरी सापडणार नाही. त्याचा माग लागतो तो फक्त या तळटिपांतून.

दहाव्या अनुसूचीकडे महाराष्ट्रातल्या वाचकाने वेळ काढून पाहावं. पक्षांतरबंदीची ही अनुसूची १९८५ ची. तिच्या तिसऱ्या परिच्छेदाच्या जागी आता फक्त तारे आहेत. एक तृतीयांश आमदार फुटले तर अपात्रता नाही, ही सवलत त्यात होती आणि २००३ च्या ९१ व्या सुधारणेने ती गेली. चौथा परिच्छेद शिल्लक आहे. तो विलीनीकरणाचा, आणि तिथे विधिमंडळ पक्षाच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. महाराष्ट्रातल्या सत्तांतराच्या खटल्यात ११ मे २०२३ च्या निकालात न्यायालयाने हेच स्पष्ट केलं की फुटीचा बचाव आता उपलब्ध नाही. टीव्हीवर मात्र "दोन तृतीयांश फुटले की झालं" हे अजून ऐकू येतं. फूट आणि विलीनीकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि संरक्षण फक्त दुसरीला आहे. सातवा परिच्छेद छापलेला दिसतो, पण खाली टीप आहे: १९९२ मध्ये तो अवैध ठरला, कारण त्याला निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी घेतली नव्हती.

मंजुरीच्या याच त्रुटीने सहकाराचा भागही अडचणीत आला. भाग ९ख, म्हणजे सहकारी संस्थांवरचे अनुच्छेद, ९७ व्या सुधारणेने आले आणि १५ फेब्रुवारी २०१२ पासून लागू झाले. संचालक मंडळावर जास्तीत जास्त २१ संचालक, मुदत पाच वर्षं, आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा, असे नियम त्यात आहेत. पण सहकारी संस्था हा राज्य सूचीतला, म्हणजे सातव्या अनुसूचीतल्या राज्यांनी कायदे करायच्या यादीतला विषय, नोंद ३२. राज्यांची मंजुरी न घेतल्यामुळे २० जुलै २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांतर्गत संस्थांपुरता हा भाग रद्द ठरवला. बहुराज्य सहकारी संस्थांपुरता तो शिल्लक आहे. तेव्हा सोसायटीच्या, पतसंस्थेच्या किंवा साखर कारखान्याच्या तक्रारीत या अनुच्छेदांचा आधार देऊ नका. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० चं आणि त्याखालच्या नियमांचं कलम द्या. राज्याच्या कायद्यात २०१३ साली केलेल्या बदलांना राज्य विधिमंडळाचा स्वतंत्र आधार आहे. या भागासाठी प्रतीतल्या टिपांवरही थांबू नका, निकाल मुळातून वाचा.

उलटा प्रकारही आहे: मंजूर झालं, पण लागूच झालं नाही. अनुच्छेद २२(४) मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेसाठी, म्हणजे खबरदारी म्हणून आधीच ताब्यात ठेवण्यासाठी, सल्लागार मंडळाच्या मताशिवाय तीन महिन्यांची मर्यादा दिसते. १९७८ च्या ४४ व्या सुधारणेने ती दोन महिन्यांवर आणली होती, पण त्या कलमाच्या अंमलाची तारीख केंद्राने कधी अधिसूचित केलीच नाही. अनुच्छेद १६८ मध्ये द्विसभागृही राज्यांच्या यादीत मध्य प्रदेश आहे, आणि भोपाळला विधानपरिषद नाही. १९५६ च्या सातव्या सुधारणेतल्या त्या तरतुदीचीही तारीख ठरवली गेली नाही. यादी बघून उत्तर लिहिणारे विद्यार्थी इथे दरवर्षी गुण घालवतात.

वाचायची कशी, यावर. पहिल्या पानापासून सुरुवात केली तर बहुतेकांचा धीर नागरिकत्वाच्या भागातच सुटतो. सरकारची रचना समजून घ्यायची असेल तर भाग ५ आणि भाग ६ एकमेकांशेजारी उघडून बसा. केंद्र आणि राज्य जवळजवळ एकाच साच्यातून काढलेली आहेत, त्यामुळे जोड्या लावता येतात: ७४ ला १६३ (मंत्रिमंडळाचा सल्ला), ७५ ला १६४ (मंत्री), ११० ला १९९ (धन विधेयक), ११२ ला २०२ (अर्थसंकल्प), १२३ ला २१३ (अध्यादेश). जिथे जोडी जुळत नाही तिथेच थांबा, कारण महत्त्वाचा फरक तिथे असतो. राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसार वागावंच लागतं आणि ते तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात, हे ७४ मध्ये स्पष्ट आहे. १६३ मध्ये मात्र राज्यपालांसाठी "स्वविवेकानुसार" करायच्या कामांचा अपवाद आहे. राजभवन आणि मंत्रालय यांच्यातले बहुतेक वाद या एका अपवादाभोवती फिरतात.

१६४(१क) हा तर हिशेब करून पाहण्यासारखा आहे. मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या एकूण सदस्यांच्या १५ टक्क्यांहून जास्त नको. महाराष्ट्रात २८८ चे १५ टक्के ४३.२, म्हणजे ४३ मंत्री. गोव्यात ४० चे १५ टक्के फक्त ६ होतात, पण परंतुक (खंडाला जोडलेली अट) म्हणतं की संख्या १२ हून कमी नसावी. म्हणून पणजीत १२. परंतुक न वाचता केवळ टक्केवारी लावली की उत्तर निम्म्याने चुकतं. उपमुख्यमंत्री या पदाचा संविधानात कुठेच उल्लेख नाही. त्या पदावरची व्यक्ती संविधानाच्या दृष्टीने मंत्रीच.

१२३ आणि २१३ हे अध्यादेशांचे अनुच्छेद. सभागृह पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत अध्यादेश संपतो, हे सर्वांना माहीत असतं. तोच अध्यादेश पुन्हा पुन्हा काढता येतो का, याचं उत्तर अनुच्छेदात नाही. ते १९८६ च्या निकालात आहे, आणि तो खटला पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले अर्थशास्त्रज्ञ डी. सी. वाधवा यांच्या अभ्यासातून उभा राहिला. बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात काढलेले २५६ अध्यादेश त्यांनी शोधून काढले होते, आणि त्यांतले कित्येक विधिमंडळाला बगल देऊन वर्षानुवर्षं जिवंत ठेवले गेले होते. पुण्यातल्या एका अभ्यासकाने चिकाटीने देशाचा कायदा सुधारला, हे मराठी वाचकाला अभिमानाने माहीत असायला हवं.

यानंतर २४५ आणि २४६ वाचा, आणि लगेच सातवी अनुसूची. कोणत्या खात्याच्या नावाने अर्ज करायचा, कोणत्या सरकारला जबाबदार धरायचं, याचं उत्तर तिथे आहे. पोलीस राज्य सूचीत, नोंद २. सार्वजनिक आरोग्य राज्य सूचीत, नोंद ६. शिक्षण १९७७ पर्यंत राज्याकडे होतं, नोंद ११. ती नोंद आता ताऱ्यांनी भरली आहे आणि शिक्षण समवर्ती सूचीच्या नोंद २५ मध्ये गेलं आहे. समवर्ती विषयावर केंद्र आणि राज्य दोघांचा कायदा असला आणि ते परस्परविरोधी असले तर काय, हे २५४ सांगतो: केंद्राचा कायदा वरचढ, मात्र राष्ट्रपतींची संमती मिळालेला राज्याचा कायदा त्या राज्यापुरता टिकतो.

३६८ चा खंड (२) आकडे घालूनच समजतो. दुरुस्तीसाठी दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात: सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचं बहुमत, आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश. लोकसभेत ५४३ धरले तर पहिल्या अटीला किमान २७२ हवेत. ४५० जणांनी मतदान केलं तर दुसऱ्या अटीला ३०० लागतात. ३९० जणांनीच केलं तर दोन तृतीयांश २६० भरतात, पण तेवढ्यावर विधेयक संमत होत नाही, २७२ लागतातच. राज्यसभेतही हेच स्वतंत्रपणे. दोन्ही सभागृहांचं एकमत झालं नाही तर संयुक्त बैठकीची वाट इथे नाही. शिवाय राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र-राज्य अधिकारवाटप, सातव्या अनुसूचीतल्या याद्या, उच्च न्यायालयं, संसदेतलं राज्यांचं प्रतिनिधित्व किंवा खुद्द ३६८ यांना हात लावायचा असेल तर किमान निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मंजुरी लागते. वर सांगितलेल्या दोन सुधारणा याच ठिकाणी अडखळल्या.

मूलभूत हक्कांचा भाग वाचताना १२ आणि १३ टाळून थेट १४ वर जाऊ नका. हक्क कोणाविरुद्ध मागायचे हे १२ सांगतो. महापालिका, जिल्हा परिषद त्यात येतात, शेजारी येत नाही. १९(१) मधलं स्वातंत्र्य वाचलं की खालचे (२) ते (६) खंडही वाचा, मर्यादा तिथे आहेत. मालमत्तेचा हक्क शोधायला ३१ उघडाल तर तारे दिसतील. तो ४४ व्या सुधारणेने इथून उठून ३००क मध्ये गेला आहे, आता तो मूलभूत हक्क नाही.

कूळकायद्याशी संबंध असलेल्यांनी नववी अनुसूची उघडावी. तिथली नोंद २ म्हणजे मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८. नोंद १ बिहारच्या जमीनसुधारणा कायद्याची. १३ कायद्यांपासून सुरू झालेली यादी २८४ क्रमांकापर्यंत गेली. या यादीतला कायदा न्यायालयापासून पूर्ण सुरक्षित आहे असा समज असतो. २००७ च्या निकालानंतर तो खरा नाही: २४ एप्रिल १९७३ नंतर घातलेले कायदे मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतात.

या प्रतीत जे मिळणार नाही तेही आधीच माहीत असावं. अनुसूचित जाती-जमातींच्या याद्या यात नाहीत. ३४१ आणि ३४२ खाली निघालेले राष्ट्रपतींचे १९५० चे आदेश स्वतंत्र आहेत, जातीच्या दाखल्यासाठी तेच लागतात. निवडणुकीची आचारसंहिता यात नाही. मतदारसंघांच्या सीमा नाहीत. ग्रामपंचायतीची रोजची कार्यपद्धती नाही. भाग ९ फक्त सांगाडा देतो, अकराव्या अनुसूचीत २९ विषय देतो, बाकी सगळं राज्याच्या कायद्यात.

आता मराठी प्रत. महाराष्ट्र शासनाने काढलेली "भारताचे संविधान" ही प्रत शासकीय ग्रंथागारांत मिळते, आणि मराठीत वाचायचं तर तीच घ्यावी. भाषा जड वाटते, पण खंड-उपखंडांची रचना मूळ मजकुराशी बरहुकूम जुळते, आणि ही गोष्ट खाजगी अनुवादांत सांभाळलेली नसते. घेण्याआधी मुखपृष्ठाच्या आतलं पान उघडून प्रत कोणत्या दिनांकापर्यंत सुधारलेली आहे ते बघा. दिनांक सापडला नाही तर चार ठिकाणं तपासा. २७९क आहे का? नसेल तर प्रत जीएसटीच्या १०१ व्या सुधारणेआधीची. १५ मध्ये खंड (६) आहे का? तो १०३ व्या सुधारणेने आलेला आर्थिक दुर्बलांच्या आरक्षणाचा. ३४२क मध्ये खंड (३) आहे का? तो १०५ व्या सुधारणेचा, राज्यांना मागासवर्गांची स्वतःची यादी करता येते असं सांगणारा, आणि मराठा आरक्षणाच्या चर्चेत त्याच्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. शेवटचं, ३३४क आहे का? तो २०२३ च्या १०६ व्या सुधारणेचा, महिलांच्या राखीव जागांसंबंधी. तो असेल तर प्रत बऱ्यापैकी ताजी.

मराठी आणि इंग्रजी प्रत शेजारी ठेवून वाचताना अक्षरांचा घोळ होतो. इंग्रजीतल्या ए, बी, सी ला अधिकृत मजकुरात अनुक्रमे क, ख, ग येतात आणि ङ, ञ, ण सुद्धा मोजले जातात. म्हणून इंग्रजी २४३-के म्हणजे २४३ट, राज्य निवडणूक आयोगाचा अनुच्छेद. बाजारातल्या पुस्तकांत मात्र कुठे ५१अ, कुठे ५१ए, कुठे ५१क असतं. अर्जात अनुच्छेद लिहिताना क्रमांकाबरोबर त्याचा मथळाही लिहा, गैरसमज होत नाही. उच्च न्यायालयात दाखल करायच्या कागदात मात्र इंग्रजी मजकूरच उद्धृत करा, कारण ३४८ नुसार तिथल्या कामकाजाची मूळ भाषा ती आहे.

खिशातल्या छोट्या प्रती देखण्या असतात, भेट द्यायला उत्तम. पण तळटिपा इतक्या बारीक छापतात की त्या असून नसल्यासारख्या. मोबाइल ॲपपैकी ज्यात टिपाच गाळल्या आहेत ते उपयोगाचं नाही. पारख सोपी आहे: १२४(२) उघडा, आयोग रद्द झाल्याची नोंद कुठेच दिसली नाही तर ॲप काढून टाका. गाइडं परीक्षेपुरती ठीक, पण त्यातलं प्रत्येक वाक्य मूळ अनुच्छेदाशी ताडून मगच पाठ करा.

पीडीएफ छापून घ्यायची असेल तर ए-फोर कागदावर, दोन्ही बाजूंनी आणि दोन खंडांत बांधून घ्या: पहिल्यात भाग ११ पर्यंत, दुसऱ्यात उरलेले भाग, अनुसूची आणि परिशिष्टं. एकाच खंडात बांधली की मधली पानं नीट उघडत नाहीत आणि अनुच्छेदाशेजारी अनुसूची ठेवून वाचता येत नाही. छपाईवाल्याला पान लहान करू नको म्हणून सांगा, नाहीतर पहिला बळी तळटिपांचा जातो. संक्षेपांच्या यादीचं पान वेगळं काढून जवळ ठेवा. आणि नवी सुधारणा झाली की विभागाची नवी आवृत्ती येण्याची वाट न बघता त्या सुधारणा अधिनियमाची राजपत्रातली प्रत काढून संबंधित पानाला टाचून ठेवा, अंमलाची तारीख पेन्सिलने वर लिहून.